खूण आपली आपण



चाकणच्या डॉकवर लेबल बघून माल उचलतात. काचेचा माल, ही बाजू वर, भिजवू नका. आत काय हाय ते बघायला खोकं फोडावं लागत नाही. एचटीएमएल म्हणजे तेच. मजकुराला लावायचं लेबल. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. उघडणारी खूण, बंद करणारी खूण, मधे आपला शब्द. शिफ्ट सुटल्यावर मोबाईलवर धडे बघत मी हे शिकतोय. मॅट्रिक हमालाला जमतंय. मग हिंजवडीच्या काचेच्या इमारतींनी याचा एवढा बाऊ कशाला केला?

खुणा इंग्रजीत, बहुतेक धडे इंग्रजीत. अन् शिकवणारा धरूनच चालतो की बघणाऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप असणार! पण रोज लागणाऱ्या खुणा वीस-पंचवीस. ट्रकचे नंबर याहून जास्त पाठ असतात आपल्याला.

ही भाषा टिम बर्नर्स-लीने जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत रचली. ३० एप्रिल १९९३ला सर्नने वेब सगळ्यांना फुकट खुलं केलं. इकडे १९२० साली पैसे मोजूनही 'केसरी'ने बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. छापखाना ज्याचा, शब्द त्याचा. आज पान आपण रचू शकतो. ते ठेवायला सर्व्हर दुसऱ्याचा लागतो, हे मात्र विसरू नका. म्हणून फाईल आपल्या हातात ठेवा. एक दार बंद झालं तर दुसऱ्या दारी नेता येते.

हे आत्ताच का? १९७२ला पँथर उठली. त्या काळातली सायक्लोस्टाईल अनियतकालिकं ट्रंकेत वाळवी खातेय. कुणी फोटो काढून ठेवतो. पण नुसत्या फोटोतला शब्द शोधायला गेलं तर हाती लागेलच असं नाही. आंधळ्या दोस्ताचा मोबाईलही तो धड वाचून दाखवत नाही. पुढचे अंक जुन्या फॉन्टांत टाईप झाले, ते नेटवर टाकले की अक्षरांचा नुसता चिवडा. तेव्हा युनिकोडमध्ये टाईप करा. पानाच्या डोक्यावर भाषा मराठी आणि यूटीएफ-८ लिहा. कवितेची ओळ कवीने तोडली तिथंच तोडा, त्यालाही खूण आहे.

आजवर आपल्यावर खुणा दुसऱ्यांनी केल्या. जात लिहिली, वस्ती लिहिली, लायकी लिहिली. आता आपल्या मजकुरावर खूण आपण करायची. भोसरी, पिंपरी, चाकण, प्रत्येक वस्तीतल्या एकाने एक जुना अंक उचला. वाळवी थांबणार नाही, आपणही थांबू नका.

जय भीम!