पोपटाचा डेमो

फ्लॅटबेड प्रिंटर विकणाऱ्यांचं पोपटावर एवढं प्रेम का, कोण जाणे. गोरेगावच्या नेस्कोतलं प्रदर्शन असो की डीलरचं एसी शोरूम, मशीनखालून बाहेर येतो तो लालनिळा पोपटच. फार तर वाघाचा डोळा. तोही डीलरच्या स्वतःच्या शीटवर, आधीच प्रायमर मारून पुसून ठेवलेल्या. गिऱ्हाईक त्या पिसांवरून बोट फिरवतं, ‘वा, काय उठाव आहे!’ म्हणतं आणि वीस लाखांच्या कोटेशनवर मान डोलावतं.

मी भोसरीत ॲक्रिलिकचं फॅब्रिकेशन करतो. माझ्या गाळ्यात आजवर एकानेही पोपट मागितलेला नाही. डॉक्टरांच्या पाट्या, सोसायटीचे नामफलक, ट्रॉफ्या, मोबाइलच्या दुकानातले स्टँड, देवघरामागची दिवे लावलेली पॅनेलं, हे आमचं काम. या कामात छपाई मध्येच कुठेतरी येते. छापलेली शीट पुढे लेसरवर जाते, हीटरच्या तारेवर वाकते, क्लोरोफॉर्मने चिकटते, बफवर घासली जाते. डेमो मात्र छपाईपाशी संपतो. पुढचं तुमचं नशीब.

एकदा विचारून बघा, ‘ही छापलेली शीट मी काटकोनात वाकवली तर?’ ॲक्रिलिक वाकायला दीडशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. कडक शाई त्या वळणावर तडकते. मऊ शाई वाकते, पण तिच्यावर नखाचा ओरखडा उठतो. म्हणजे स्टँड करणाऱ्याची शाई वेगळी आणि नामफलकवाल्याची वेगळी. विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: ‘सर, आमची इंक हार्डपण आहे आणि सॉफ्टपण.’ असली शाई खरंच कोणी बनवली असेल तर त्याने प्रिंटर विकत कशाला बसावं? जोडाचा विषय काढलात तर चेहरा आणखी कोरा होतो. क्लोरोफॉर्म ॲक्रिलिक विरघळवूनच जोडतो. वाटेत आलेली शाई तो सोडत नाही. जोडाच्या जागा कोऱ्या ठेवायच्या, हे आमच्या गाळ्यातल्या पोऱ्याला कळतं, विकणाऱ्या इंजिनिअरला कळत नाही. हाच इंजिनिअर छपाईआधी लेसरने कापलेला तुकडा आयपीएने खसाखसा पुसतो. लेसरच्या उष्णतेने ताण धरलेल्या कडेवर अल्कोहोल लागलं की केसासारख्या भेगा पडतात. त्या दिसल्यावर म्हणतो, ‘शीटची क्वालिटी बघा सर.’

मग येतं हेड. आमच्या लोकांनी प्रिंटरची पत्रिका हेडच्या नावावरून मांडायची ठरवलं आहे. रिको जेन-५ आहे का? जेन-६? एप्सनचं आय३२००? जरा पैसे कमी असले की एक्सपी६००. हे शेवटचं हेड मुळात टेबलावरच्या फोटो प्रिंटरसाठी, पाण्याच्या शाईसाठी बनलं होतं. त्यात यूव्ही शाई भरून ते ‘इंडस्ट्रियल’ म्हणून खपवतात, आणि आपण स्वस्त पडलं म्हणून खूश. रिकोचं हेड दणकट, पोलादी, आतच हीटर असलेलं, हे खरं. पण त्याची किंमत लाखाच्या घरात. ते मेलं तर खर्च कुणाचा, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. वॉरंटीचा कागद उलटून वाचा. हेड आणि लॅम्प त्यात नाहीत, असं बारीक अक्षरात सापडण्याची शक्यताच जास्त.

आणि हेड मरतं कशाने? आमच्याच मालाने. यूव्ही लॅम्पचा उजेड पारदर्शक किंवा आरसा ॲक्रिलिकवरून परावर्तित होऊन वर जातो, थेट नोझलच्या तोंडाशी, आणि शाई तिथेच वाळते. वाळलेली यूव्ही शाई म्हणजे प्लास्टिक. ती कुठल्याही सोल्युशनने विरघळत नाही. डेमो मात्र नेहमी पांढऱ्या, अपारदर्शक शीटवर. दुसरं मरण ठोकर. कास्ट शीटच्या जाडीला आयएसओच्या मानकात जी सूट आहे, तिच्या हिशेबाने ३ मिमीची शीट ०.७ मिमीने कमी-जास्त असली तरी ती चोख माल ठरते. वर गोदामात उभी ठेवून ती धनुष्यासारखी वाकलेली. हेड शीटपासून जेमतेम २ मिमीवर धावतं. व्हॅक्यूमचे झोन किती, ते आठ बाय चारच्या शीटचे कोपरे खाली ओढून धरतात का, ठोकर बसण्याआधी गाडी थांबवणारा सेन्सर दोन्ही बाजूंना आहे का, लॅम्पभोवती आडोसा आहे का, हे प्रश्न हेडच्या नावाआधी यायला हवेत.

पांढऱ्या शाईबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. पारदर्शक ॲक्रिलिकवर मागून छापायचं, म्हणजे आधी रंग आणि त्यावर पांढरा. पॅनेल दिवसाही उठून दिसायला हवं आणि रात्री दिव्यावरही, तर रंग, पांढरा, पुन्हा रंग. माहितीपत्रकातला चौरस फुटांचा वेग असतो तो पांढऱ्याशिवायचा, कमीत कमी पासचा, म्हणजे ज्या कामाचे पैसे कोणी देणार नाही त्या कामाचा. शिवाय पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. जड पूड, थांबली की तळाला बसते. ती सतत फिरती ठेवणारा पंप लागतो आणि पंपाला लागते वीज. आमच्याकडे गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा दिवस, हे मशीन विकणाऱ्याला माहीतच नसतं, कारण तो बुधवारी मशीन बसवून निघून जातो.

मराठी पाट्यांच्या वेळचा तमाशा विसरू नये. २०२२ मध्ये कायदा बदलला, छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. विक्रेते गाळ्यागाळ्यातून हिंडत होते, ‘आता तर मशीन हवीच.’ अहो, दुकानावरच्या पाट्या व्हिनाइलवर आणि कापलेल्या अक्षरांवर झाल्या, होतात. त्यासाठी फ्लॅटबेड लागत नाही. मराठीचा एवढाच कळवळा असेल तर डेमोत सहा पॉइंटमध्ये ‘त्र्यंबकेश्वर’ छापून दाखवा. शीटवरची संरक्षक फिल्म ओढली की स्थिर वीज तयार होते, शाईचे सूक्ष्म थेंब वाट सोडून भटकतात आणि अनुस्वार शेजारच्या मात्रेत जाऊन बसतो. उपाय आहे, आयोनायझर बार. तो ‘एक्स्ट्रा’ असतो.

पण सगळं खापर विकणाऱ्यावर फोडणं मला मान्य नाही. आपण मशीन घेतो ती शेजारच्या गाळ्यात आली म्हणून. वीस लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण साडेत्रेचाळीस हजार. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर रोज सकाळी शटर उघडण्याआधीच पावणेसतराशे रुपये गेलेले. वर शाई, एसी, ऑनलाइन यूपीएस, ऑपरेटर, आणि राउटरची धूळ आत येऊ नये म्हणून वेगळी खोली. आता मागच्या वर्षभरात बाहेरून करून घेतलेल्या यूव्ही छपाईची बिलं काढा आणि बेरीज करा. बऱ्याच जणांची बेरीज वर्षभराच्या हप्त्यांच्या जवळपासही येत नाही. त्यांनी जॉबवर्कवाल्याकडे मुकाट शीट पाठवावी. ज्याचं काम ट्रॉफ्या आणि नामफलकांचं, त्याला छोटी ६०९० मशीन पुरते. तो मोठी २५१३ घेऊन निम्मा गाळा अडवून का बसतो? गिऱ्हाईकाला दाखवायला.

ज्याची बेरीज खरोखर जुळते, त्याने एवढंच करावं. आपल्या रोजच्या वापरातल्या शीट घेऊन जा: पारदर्शक, आरसा, एक वाकलेली. स्वतःची फाइल छापून घ्या, रंगावर पांढरा चढवून, आणि घड्याळ लावून वेळ मोजा. ते तुकडे घरी आणा. चोवीस तासांनी पात्याने चौकटी पाडून टेप लावून ओढा, लेसरवर कापा, तारेवर वाकवा, जोड लावा. ज्याने तीन वर्षांपूर्वी तीच मशीन घेतली, त्याच्या गाळ्यात जा आणि इंजिनिअर फोन केल्यावर किती दिवसांनी येतो ते विचारा. हेड, लॅम्प आणि शाईचे दर कोटेशनवर लिहून मागा. या चाचणीला ‘सर, गरज नाही, आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणणारा जो कोणी भेटेल, त्याला चहा पाजा आणि टोकनचा चेक परत खिशात घाला.