थर कोसळतो तेव्हा : स्वयंसेवकाच्या जखमेचा हिशेब कोणाकडे?

१/ गुरुपौर्णिमा आली की जोगेश्वरी, घाटकोपर, बोरिवलीच्या मैदानांत रात्री उशिरापर्यंत गोविंदांचा सराव चालतो. तळच्या थरात खांदा देणारा तरुण दिवसा कुठेतरी नोकरी करतो. नोकरीवर असताना पडला, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. थरावरून पडला, तर कोण? हा धागा या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/ साल १८९७. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश संसदेने कामगार भरपाई कायदा मंजूर केला. ठरावीक धोकादायक उद्योगांत जखमी झालेल्या कामगाराला मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. भरपाई दयेच्या प्रांतातून हक्काच्या प्रांतात आली.

३/ भारतात हा विचार १९२३ च्या कायद्याने आला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेली असावी, ही त्याची मुख्य अट. भरपाईचे गणित मासिक वेतनावर बेतलेले. ज्याला वेतनच नाही, तो या गणितात शिरणार कसा? स्वयंसेवक उंबरठ्याबाहेरच राहिला.

४/ यात एक विलक्षण योगायोग आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. सेवाकार्य आणि कामगार चळवळ एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र नांदली. कायद्यात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

५/ आता उपनगरांकडे परतू. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचले. ४३.७९ फुटांच्या या मनोऱ्याची नोंद गिनेस बुकात झाली. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. थर वाढले, बक्षिसे वाढली, आयोजकांचे फलकही वाढले. हाड मात्र गोविंदाचेच मोडते.

६/ २०१४ पासून उंची आणि वयाचा वाद न्यायालयांत गाजला. २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, अशी हमी राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये मृत गोविंदाच्या वारसांना १० लाख रुपये देण्याची घोषणा विधानसभेत झाली. २०२३ मध्ये ५०,००० गोविंदांचा विमा उतरवला गेला. हप्ता माणशी ७५ रुपये. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर नेण्यात आली.

७/ हे पाऊल स्वागतार्हच. बिनपगारी माणसाचाही अपघात विमा उतरवता येतो, हे यातून सिद्ध झाले. परंतु तो दरवर्षीच्या शासन निर्णयावर आणि यादीतील नावावर अवलंबून आहे. निर्णय झाला नाही, तर दाद कोणाकडे मागायची? १८९७ मध्ये कामगाराने जी पायरी ओलांडली, तिच्या अलीकडेच गोविंदा अजून उभा आहे.

८/ २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसर येथे सरावादरम्यान पडून ११ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. उत्सवाच्या दिवशी मानखुर्द येथे हंडीची दोरी बांधताना एक तरुण पडून दगावला. पहिली घटना सांगते, की कोणताही विमा दक्षतेची जागा घेऊ शकत नाही. दुसरी सांगते, की उत्सवातला धोका थरांपुरता मर्यादित नसतो.

९/ दहीहंडीपलीकडचे काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा अनोळखी माणसांना हात देण्यासाठी सामान्य नागरिक छातीभर पाण्यात उतरले. विसर्जनाच्या रात्री मंडळांचे कार्यकर्ते पहाटेपर्यंत किनाऱ्यावर उभे असतात. त्यांच्यासाठी कोणती यादी आहे?

१०/ आक्षेप परिचित आहे : विमा आला की सेवेचा व्यवहार होतो. पण विमा हे सेवेचे मोल नव्हे. ते जखमेचे मोल आहे. जर्मनीत १८८४ मध्ये कामगारांसाठी अपघात विमा सुरू झाला. आज तेथील स्वयंसेवी अग्निशामकही वैधानिक अपघात विम्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे त्यांची सेवा उणावली, असे कोणी म्हणत नाही.

११/ मार्ग अवघड नाही. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करतातच. त्यात मंडप आणि रोषणाईच्या खर्चाशेजारी ‘स्वयंसेवकांचा अपघात विमा’ ही ओळ सक्तीची व्हावी. वर्षभराच्या विम्याचा हप्ता ७५ रुपयांहून अधिक असेल, हे मान्य. तरी ज्याच्या खांद्यावर संस्था उभी आहे, त्याच्यासाठी तो जड वाटू नये.

१२/ वेतन घेतले नाही, हा स्वयंसेवकाचा मोठेपणा आहे. कायद्याने आणि संस्थांनी त्यालाच त्याच्या निराधारपणाचे कारण करू नये.