पट्टी नाही, तर काटा नाही!

ऊस उत्पादक सभासद, वाहनमालक, ट्रॅक्टरचालक आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना जाहीर आवाहन



लवकरच बॉयलर पेटतील, गव्हाणीत मोळी पडेल आणि सांगली-कोल्हापूरपासून सोलापूर, लातूर, धाराशिवपर्यंतचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातील. दर हंगामात छापून येणारी बातमीही मग येईलच: 'उसाच्या ट्रॉलीला मागून धडक, दुचाकीस्वार ठार'. धडक देणारा मेलेला असतो, त्यामुळे दोष त्याच्या नावावर टाकणे सोपे जाते. पण अंधारात जी दिसलीच नाही, तिला 'धडक दिली' असे लिहिणे ही शुद्ध लबाडी आहे.

हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५. डिपरच्या उजेडात पाचटाने माखलेली काळपट ट्रॉली ओळखू येते तीच मुळी ४०-५० मीटरवर. त्यात समोरून एखाद्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला, तर तेवढ्यावरही नाही. बंद पडून उभ्या असलेल्या ट्रॉलीपुढे त्या माणसाला वाचायला जागाच उरत नाही. त्याच ट्रॉलीला चमकणारी पट्टी असती, तर ती दोन-तीनशे मीटरवरून दिसली असती.

'आम्ही रिफ्लेक्टर लावतो की!' असे कारखाने सांगतात. लावता, मान्य. मोळीपूजनाच्या आसपास पोलीस आणि आरटीओच्या साहेबांना बोलावून पंधरा-वीस ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवता आणि फोटो पेपरात देता. पण ती पट्टी असते फाळक्यावर. ट्रॉली भरली की ऊस फाळक्याबाहेर येतो, वाढे खाली लोंबतात आणि पट्टी झाकून जाते. उरली-सुरली चिखलाने माखते. ज्या रात्री गरज असते, त्या रात्री पट्टी उसाखाली असते.

दिव्यांची कथा याहून वाईट. पहिल्या ट्रॉलीची वायर तुटलेली असते, दुसरीपर्यंत वायर पोचलेलीच नसते. ट्रॅक्टरचा पुढचा एक दिवा गेलेला असला, की समोरच्याला वाटते मोटारसायकल येते आहे, आणि तो त्या हिशेबाने कडेला सरकतो. रिकामा परतणारा चालक मागचा नांगरटीचा पांढरा दिवा लावून ठेवतो, तेव्हा मागून येणाऱ्याला वाटते वाहन आपल्याकडेच येते आहे. पाणंदीतून डांबरीवर वळणारी चाळीस-पन्नास फुटांची डबल ट्रॉली आख्खा रस्ता अडवते, आणि बाजूला चमकणारे काही नसल्याने दोन्हीकडच्यांना रस्ता मोकळाच दिसतो. एवढ्यावर टेप इतका मोठा लावलेला, की मागचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही.

आणि ते दगड! ट्रॉली पंक्चर झाली, की भोवती दगड मांडायचे आणि बाभळीची फांदी टाकायची. टायर बदलून गाडी निघून जाते. दगड तिथेच राहतात, आणि दुसऱ्या रात्री त्यांवर कोणाची तरी दुचाकी जाते. या अपघाताच्या बातमीत तर ट्रॉलीचा उल्लेखही नसतो.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे असे कोणी म्हणू नये. १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे, १९८९ चे केंद्रीय नियम आहेत. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी, मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर हे सारे त्यांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. पण आरटीओचे एक पथक एका रात्री किती रस्ते बघणार?

कारखान्याला मात्र कुठेही जावे लागत नाही. प्रत्येक ट्रॉली त्याच्याच दारात येते. एकदा भरलेली आणि एकदा रिकामी, अशी दोनदा काट्यावर उभी राहते. तिचा करार कारखान्याकडे, नंबर कारखान्याकडे, बिल कारखान्याच्या हातात. वजनात दहा किलोचा फरक ज्या काट्यावर दिसतो, तिथे विझलेला दिवा दिसत नाही, यावर आमचा विश्वास नाही.

'वाहनमालक कर्जात बुडालाय, मुकादम उचल घेऊन पळालाय, त्याच्यावर आणखी बोजा नको,' असे सांगितले जाईल. त्याची अडचण खरी आहे. म्हणूनच हा खर्च कारखान्याने करावा. पट्टीला ट्रॉलीमागे काही शे रुपये लागतात. चालकाचेही ऐका: खेपेवर पैसे, यार्डात रात्रभर नंबर, झोप नाही. त्याला शिव्या घालून रस्ता सुरक्षित होणार नाही. धडकेत ट्रॅक्टरवरचा आणि उसावर बसलेला तोडणी मजूरही जातोच.

सभासदांनो, तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्याच ऊसबिलातून कापला जातो. ही वाहने तुमच्या पैशावर धावतात. तेव्हा मागणी करण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.

आमच्या मागण्या:

१. प्रत्येक ट्रॉलीला मागे तांबडी आणि दोन्ही बाजूंना पिवळी चमकणारी पट्टी हवी. चिखल पुसण्याची सोय यार्डातच करावी.

२. भरलेल्या उसावरून मागे सोडून बांधायचे चमकत्या पट्ट्यांचे कापड कारखान्याने प्रत्येक वाहनाला द्यावे. मंद वाहनाची खूण म्हणून त्यावर तांबड्या कडेचा नारिंगी त्रिकोण असावा. अमेरिकेत ट्रॅक्टरमागे हा त्रिकोण १९६० च्या दशकापासून आहे.

३. ट्रॅक्टरचे पुढचे दोन्ही दिवे आणि शेवटच्या ट्रॉलीचे मागचे लाल दिवे चालू असल्याशिवाय रात्री यार्डातून गाडी सोडू नये. यार्डात वायरमन ठेवावा.

४. बंद पडलेल्या ट्रॉलीसाठी कारखान्याचे फिरते पथक असावे. दगड मांडणाऱ्यानेच ते उचलावेत. न उचलल्यास पुढची खेप बंद.

५. उसाच्या बैलगाड्यांनाही मागे आणि जुवाला पट्टी बांधावी.

६. डांबरी रस्त्यावर टेप बंद.

७. साखर आयुक्तांनी गाळप परवान्यातच ही अट घालावी.

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा आहेत. अहवालाच्या वाचनात झोपू नका. उठून विचारा: आपल्या कारखान्याकडे करार झालेल्या ट्रॉल्या किती, आणि मागून दिसणाऱ्या किती? 'पट्टी नाही, तर काटा नाही' हा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या.

पहिली मोळी पडल्यापासून आम्ही गेटवर उभे राहू. बिनपट्टीची ट्रॉली काट्यावर घेतली, तर तिचा फोटो, नंबर आणि वेळ यांसह लेखी तक्रार आरटीओकडे आणि साखर आयुक्तालयाकडे जाईल. त्या तक्रारीत ट्रॉलीमालकाच्या आधी कारखान्याचे नाव असेल.

आपले,
रात्री याच रस्त्यांनी घरी जाणारे ऊस उत्पादक सभासद