शाळा सुटली, विज्ञान सुटू नये



शाळेच्या पटावरून नाव गेलेली, पण घरी बसून दहावी करू पाहणारी मुले-मुली आपल्या वस्त्यांत थोडी नाहीत. कुणाची आई आजारी पडली म्हणून मुलगी घरी राहिली, कुणाला वडिलांबरोबर कामावर जावे लागले. (मूल चौदा वर्षांच्या आतले असेल तर आधी त्याला शाळेत परत न्या. २००९ च्या कायद्याने तो त्याचा हक्क आहे.) मोठ्यांसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. शिवाय १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त शाळाही आहे.

मुक्त शाळेत पाच विषय आपण निवडायचे असतात. विज्ञान घेतलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि आपण फसतो ते इथेच. "पोरगी घरीच असते, तिला कोण शिकवणार? सोपे विषय द्या," असे घरचेच म्हणतात. पुढे आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचे म्हटले, की दहावीचे विज्ञान आणि गणित मागतात. तेव्हा हळहळून काय उपयोग?

आम्ही आमच्या विहारात दर रविवारी सकाळी अशी सहा मुले बसवू लागलो. बालभारतीची विज्ञानाची दोन्ही पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. मंडळाच्या परीक्षेत दोन्ही भागांना चाळीस-चाळीस गुण असतात आणि वीस प्रयोगांचे. सुरुवातीला आम्हीही गाईडच वाचून घेत होतो. मुले पाठ करीत आणि पुढच्या रविवारी विसरत.

मग एका मुलीने विचारले, "हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?" प्रश्न आम्हालाही घरचाच वाटला. कागदावर हळदीचा लेप देऊन तो वाळवला व पट्ट्या कापल्या. साबणाच्या पाण्याने पट्टी लाल झाली, त्यावर लिंबू पिळताच पुन्हा पिवळी. आम्ल आणि आम्लारी हा धडा त्या दिवशी कुणाला पाठ करावा लागला नाही.

पण खरा रविवार होता ओळंब्याचा. एका मुलाचे वडील गवंडी. दारात उभे राहून ते रोज नुसते पाहत असत. "मी काय शिकलेला माणूस नाही," म्हणत. आम्ही त्यांचाच ओळंबा मागितला आणि एक मीटर दोरीवर खिळ्याला टांगला. दहा झोक्यांना साधारण वीस सेकंद लागायला हवेत. लागले साडेसतरा! मुले म्हणाली, पुस्तक चुकले. कुणी म्हणाले, ओळंबा जड आहे म्हणून. जड ओळंब्याच्या जागी हलका दगड बांधला, तरी तेच. शेवटी गवंडीदादाच पुढे आले, वर बोट दाखवून म्हणाले, "दोरी खिळ्याला गुंडाळलीय, मीटरभर राहिलीच कुठं?" मोजली तर पाऊण मीटर. सोडून पुन्हा टांगली, वीस सेकंद! मुलांनी चुकलेला आकडा वहीतून खोडला नाही, त्याखाली कारण लिहिले. दादा आता दाराबाहेर उभे राहत नाहीत.

हे काही आम्ही शोधलेले नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा खेडेगावच्या शाळांत असेच स्वस्त वस्तूंनी करून शिकणे सुरू झाले व २००२ पर्यंत चालले. त्यातूनच पुढे आलेल्या अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची पुस्तके मराठीतही आहेत.

तुमच्या वस्तीत तीन-चार घरे मिळाली तरी पुरे. टॉर्चचा सेल आणि बल्ब, थोडी वायर, एक लोहचुंबक, एक भिंग, मोड यायला मूठभर मटकी, एवढ्यात पुष्कळ होते. घरातल्या प्लगला मात्र हात लावू देऊ नका आणि संडास धुण्याचे ॲसिड प्रयोगाला आणू नका. चंद्र तर फुकट आहे. पौर्णिमा आपण घरोघरी पाळतो. त्या संध्याकाळपासून चंद्र रोज किती उशिरा उगवतो ते मुलांना लिहायला सांगा. सरासरी पन्नास मिनिटांचा फरक येतो.

सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्यांनी नेमून दिलेल्या शाळेत जाऊन प्रयोगाच्या तारखा आधीच विचाराव्यात. आमची एक मुलगी गेल्या वर्षी उशिरा गेली आणि तिचे प्रयोगाचे गुण हुकले. यंदा ती पुन्हा बसते आहे. आणि रविवारी धाकट्यांना पट्ट्या कापून देते.