विश्लेषण : एक मिलिमीटर, काही सेकंद आणि मितोमा... मोबाइलवरच्या चित्रफितीतून फुटबॉलपटू कळतो का?

जपानचा काओरू मितोमा चेंडू घेऊन डाव्या बगलेतून सुटला, की त्याची काही सेकंदांची चित्रफीत जगभरच्या मोबाइलवर फिरू लागते. इंग्लंडमधील ब्रायटन हा काही मातब्बर क्लब नव्हे. तरीही तिथल्या या मधल्या फळीतील खेळाडूला एवढे चाहते कसे मिळाले?

'एका मिलिमीटर'चे प्रकरण काय?

१ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात जपानची गाठ स्पेनशी होती. गोलरेषेबाहेर निघालेला चेंडू मितोमाने पाय ताणून मागे वळवला आणि आओ तानाकाने गोल केला. नियमानुसार संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला, तरच तो बाहेर धरला जातो. बाजूने पाहता तो बाहेर वाटत होता. वरून टिपलेल्या छायाचित्रात मात्र त्याची कड रेषेवर दिसत होती. 'व्हीएआर' तपासणीनंतर गोल वैध ठरला. जपान २-१ असा जिंकून गटात अव्वल आला आणि कोस्टारिकाला हरवूनही जर्मनी बाद झाला. 'मितोमाचा एक मिलिमीटर' हा जपानमध्ये जणू वाक्प्रचारच झाला.

प्रबंधाची चर्चा कशासाठी?

शालेय शिक्षण संपताच कावासाकी फ्रोंटाले क्लबच्या मुख्य संघाचे दार उघडे असताना मितोमाने त्सुकुबा विद्यापीठ निवडले. तिथे त्याने चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याला चकवण्याच्या कौशल्यावरच प्रबंध लिहिला. त्यासाठी सहकाऱ्यांच्या डोक्यावर कॅमेरे लावून ते कुठे पाहतात, हे तपासले. तरबेज खेळाडू चेंडूकडे नव्हे, प्रतिस्पर्ध्याकडे पाहतात, हे त्याच्या लक्षात आले. पुढे २०२० मध्ये फ्रोंटालेकडून पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये १३ गोल केले आणि संघ विजेता ठरला.

चित्रफितीत काय दिसत नाही?

स्पेनवरील विजयानंतर चारच दिवसांनी क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये जपानचे तिघे चुकले. त्यांत मितोमाही होता. खेळाडू तोच, पाय तोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेल्सीविरुद्ध गोलरक्षकाने दूरवरून मारलेला चेंडू त्याने हवेतच अलगद पायावर झेलला आणि गोल केला. तो क्षण आपण दहादा पाहतो. त्यामागची विद्यापीठातली वर्षे आणि बेल्जियममध्ये उसनवारीवर काढलेला हंगाम कुणी पाहत नाही.

मग यात नुकसान कुणाचे?

लोकप्रियतेत गैर काही नाही. ब्रायटनने २०२४ मध्ये जपानचा दौरा केला, त्यामागे हे आकर्षण होतेच. प्रश्न मोजमापाचा आहे. जपानचा वातारू एंडो हाही मधल्या फळीतलाच. पण त्याचे मुख्य काम प्रतिस्पर्ध्याचे हल्ले आधीच मोडून काढण्याचे. न झालेल्या गोलाची चित्रफीत कशी काढणार? जाहिरातदार, प्रशिक्षक आणि खेळू पाहणारी मुले जर चित्रफितींवरूनच खेळाडूची किंमत ठरवू लागली, तर चकवणारे शेकड्याने तयार होतील आणि सांभाळणारे शोधावे लागतील. मितोमाचा प्रबंध सांगतो, की नजर चेंडूवरून उचलावी. प्रेक्षकांनाही ते लागू आहे. पुढच्या वेळी त्याची चित्रफीत आवडली, तर त्याचा एक सामना पूर्ण ९० मिनिटे पाहा आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो, तेवढेच बघा.