आमच्या पोरांची कागदपत्रे दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर का?

अंबरनाथच्या एका वस्तीतली मुलगी. बारावी झाली, पदवीला प्रवेश मिळाला, भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला. अर्जात त्रुटी निघाली. दुरुस्ती करायला आम्ही तिच्यासोबत बसलो, तर तिला स्वतःचा पासवर्डच माहीत नाही. तो बदलायचा ओटीपी तिच्या फोनवर येईना, कारण अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने नोंदणी करताना स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला होता. दुकान बंद झालेले, नंबर लागत नाही. मुलीची शिष्यवृत्ती टांगणीला. तिचा जातीचा दाखला, बापाच्या उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक हे सगळे अजून कुणाच्या तरी डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर'मध्ये पडून असेल.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात काम करताना असे प्रसंग आम्हाला पुन्हा पुन्हा भेटतात. दुकानदाराला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ शकतो. पण त्यानेही पोटासाठीच दुकान टाकले आहे. प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे. शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे, तर त्या हक्काची वाट दुसऱ्याच्या दुकानातून का जाते? आपल्या विहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत ती वाट का नाही?

म्हणून आम्ही एक जुने नेटबुक मिळवले. २ जीबी रॅम, बॅटरी जेमतेम दोन तास. त्यात चोरीची विंडोज होती, सुरू व्हायलाच दहा मिनिटे घ्यायची. वर पेनड्राइव्हमधून आलेले व्हायरस. ती पुसून आम्ही लिनक्स टाकले. मशीन पळू लागले, पैसे शून्य. अडले ते नेटवर. कॅम्पातल्या एका दुकानात डोंगल घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, "लिनक्सवर नेट चालत नाही. विंडोज टाकून देतो, पाचशे रुपये." फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत संसार उभे करणाऱ्या, 'इथे काहीही बनवून मिळते' अशी ख्याती असलेल्या उल्हासनगरात आम्हाला हे उत्तर मिळाले!

'तुम्हाला जमणार नाही' हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आधी ते पोथीबद्दल ऐकवले जायचे, आता मशीनबद्दल ऐकवले जाते. म्हणून खरे काय ते नीट समजून घेऊ.

सर्वांत सोपा मार्ग आपल्या खिशातच आहे. अँड्रॉइड फोन केबलने नेटबुकला जोडायचा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करायचे. लिनक्स त्या फोनला वायरचे नेटवर्क समजते आणि नेट सुरू होते. वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त केबल डेटाची हवी. स्वस्तातल्या कित्येक केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यापायी आमची एक अख्खी संध्याकाळ वाया गेली.

डोंगलची गंमत वेगळी आहे. जुने डोंगल लावल्यावर आधी सीडीचे सोंग घेते. त्या 'सीडी'त विंडोजचा प्रोग्राम असतो, तो चालला की मग ते मोडेम होते. लिनक्समध्ये हे सोंग उतरवायचे काम यूएसबी-मोडस्विच नावाचे छोटे मोफत पॅकेज करते. त्यानंतर नेटवर्कच्या यादीत 'मोबाइल ब्रॉडबँड' निवडायचे, देश आणि कंपनी सांगायची, एपीएन तपासायचे. बीएसएनएलला बीएसएनएलनेट, जिओला जिओनेट. झाले! शेवटची गोष्ट, कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवायचे. नाहीतर अपडेट दिवसाचा डेटा सकाळीच खाऊन टाकतात. जुलै २०२४ मध्ये सगळ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून आपल्यासारख्यांना एकेक जीबी मोजावा लागतो.

एवढेच ज्ञान होते. ते आम्हाला पाचशे रुपयांना विकले जाणार होते, तेही चोरीच्या मालासकट.

आता आपल्याच माणसांचे आक्षेप. पहिला, "फोन आहे की, नेटबुक कशाला?" एकाच वस्तीतल्या चाळीस मुलांचे दाखले स्कॅन करून, साइटला हव्या त्या आकारात बसवून, कुणाचा अर्ज कुठे अडला याची यादी ठेवून बघा, मग बोलू. फोनवर ते सगळे व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सांडते. कुणाची जात, कुणाचे उत्पन्न, कुणाची विधवा आई हे शंभर जणांच्या गॅलरीत जाते. दुसऱ्याच्या डेस्कटॉपला नावे ठेवायची आणि आपण तेच करायचे?

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा. "ही तांत्रिक कामे, चळवळ रस्त्यावर असते." त्यांना आम्ही आदराने इतिहासाची आठवण करून देतो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. बाबासाहेब नुसता निषेध करून थांबले नाहीत. पुढे त्यांनी भारत भूषण छापखाना उभा केला. खिळे जुळवणे, शाई, कागद हीसुद्धा तेव्हाची तांत्रिक कामेच होती. साधन दुसऱ्याच्या हातात असले की आपला आवाज त्याच्या मर्जीवर चालतो, हे त्यांनी ओळखले होते. आज छापखान्याच्या जागी मशीन आणि नेट आहे.

लिनक्स म्हणजे मुक्ती, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. त्या जगातही इंग्रजी आणि सवर्ण इंजिनिअरांचाच वरचष्मा आहे. डिजिटल सहीची काही कामे आजही विंडोजशिवाय अडतात, तिथे आम्हीही दुसऱ्याच्या संगणकावर जातो. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला, आणि अभ्यासिकांतले बरेचसे जुने संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. तारीख आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची, हा निव्वळ योगायोग. प्रश्न मात्र खरा आहे. ते संगणक भंगारात घालायचे की त्यांच्यावर पोरांना शिकवायचे? केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे चालवून दाखवले आहे. मग आपल्या विहारात का चालू नये?

तरुणांनो, जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, त्यात अशी किती नेटबुक येतील याचा हिशोब मंडळाच्या बैठकीत मांडा. वस्तीतली दोन पोरे आणि दोन पोरी शोधा आणि त्यांना हे शिकवा. शनिवार-रविवार अर्ज भरायला बसा. नियम तीनच. नोंदणीत नंबर विद्यार्थ्याचाच. पासवर्ड त्याच्याच वहीत. काम संपले की कागदपत्रे त्याच्या पेनड्राइव्हवर आणि मशीनवरून साफ.

त्या मुलीचे खाते परत मिळवायला आम्हाला तीन आठवडे आणि समाजकल्याण कार्यालयाच्या चार खेपा लागल्या. अर्ज पुढे गेला. आता रविवारी तीच नेटबुकसमोर बसते आणि दुसऱ्यांचे अर्ज भरते. नोंदणी करताना प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न असतो, "नंबर तुझाच आहे ना?"

जय भीम!