कारखान्यातील घर : स्थावर की जंगम?

अमेरिकेत स्थायिक झालेली मुले घर घेतात तेव्हा सल्ल्यासाठी, आणि पुष्कळदा रकमेसाठीही, आईवडिलांकडे पाहतात. जागेवर बांधलेले घर आवाक्याबाहेर गेले की कारखान्यात तयार झालेल्या घराचा पर्याय पुढे येतो. ही घरे वरून सारखीच दिसतात. परंतु कायद्याच्या आणि कर्जाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे.

१५ जून १९७६ या दिवशी अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची, म्हणजे 'हड'ची, संहिता अमलात आली. तत्पूर्वी बनलेले ते 'मोबाइल होम'. त्यानंतर या संहितेनुसार बनलेले ते 'मॅन्युफॅक्चर्ड होम'. हे दुसरे घर पोलादी चॅसिसवर उभारून रस्त्याने नेले जाते. त्याच्या प्रत्येक भागाच्या बाहेरील बाजूस क्रमांक असलेली लाल धातूची लहान पट्टी असते. आत, बहुधा स्वयंपाकघरातील कपाटात किंवा विजेच्या पेटीजवळ, माहितीपत्रक चिकटविलेले असते. घर कोणत्या वाऱ्याच्या आणि बर्फभाराच्या प्रदेशासाठी बनले आहे, हे त्यावरून कळते.

'मॉड्युलर' घराचे भागही कारखान्यातच तयार होतात. मात्र ते जेथे उभे राहणार तेथील राज्याच्या व स्थानिक बांधकाम-नियमांनुसार बनते आणि पक्क्या पायावर बसविले जाते. त्यावर 'हड'ची लाल पट्टी नसते. 'पॅनेल' पद्धतीत केवळ भिंती तयार येतात. जोडणी जागेवर होते.

हा भेद कर्जाच्या वेळी निर्णायक ठरतो. मॉड्युलर घरास जागेवर बांधलेल्या घराप्रमाणे स्थावर तारणावर कर्ज मिळू शकते. मॅन्युफॅक्चर्ड घर भाड्याच्या जमिनीवर असेल, तर ते सामान्यतः जंगम मालमत्ता मानले जाते. अशा कर्जाचा व्याजदर सहसा अधिक आणि मुदत कमी असते. शिवाय घर आपले आणि जमीन दुसऱ्याची, अशी स्थिती राहते. भाडे वाढले तरी घर उचलून नेणे खर्चाचे असते. जमीन स्वतःची असेल, पाया पक्का असेल आणि घराची नोंद कायद्याने स्थावर म्हणून झाली असेल, तर तारणकर्जाचा मार्ग खुला होऊ शकतो. १९७६ पूर्वीच्या घरांवर कर्ज देण्यास अनेक संस्था तयार नसतात.

सोने घेताना व्यापारी मनुष्य दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा हॉलमार्ककडे पाहतो. येथेही तीच दृष्टी हवी. विक्रेता घराला कोणत्याही नावाने संबोधो. मुलांनी बयाणा देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : पट्टीवरील क्रमांक अथवा राज्याचे प्रमाणपत्र, जमिनीच्या मालकीचा किंवा भाड्याचा करार, आणि घराची नोंद स्थावर की जंगम याचा दाखला. पट्टी हरवली असेल, तर तिच्या पडताळणीचे पत्र मिळविता येते. ते हाती येईपर्यंत येथून रक्कम पाठविण्याची घाई करू नये.